ओल्या कोळशाची टाकी

मालवणहून आचऱ्याकडे निघालं की कालावल खाडीच्या अलीकडे माडांच्या मागे एक बुटकं धुराडं दिसतं. त्या जागेला गावात 'जहिराचा कोळसा' म्हणतात. कारखाना हा शब्द कुणी वापरत नाही. चिऱ्यांच्या दोन शेडी, एक भट्टी, फायबरच्या टाक्या आणि भोवती करवंट्यांचे ढीग. एवढ्यालाच कारखाना म्हणायचं तर गावातल्या गिरणीलाही म्हणावं लागेल.

जहिराचे वडील तय्यब नारळाचे व्यापारी. आयुष्यभर त्यांनी नारळ घेतले, सोलले, खोबरं वाळवलं आणि विकलं. करवंट्या न्हाणीच्या चुलीत जात. जहिरा रसायनशास्त्र शिकली आणि रत्नागिरीकडच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत लागली. लग्न तिने केलं नाही. त्याची चर्चाही गावाने बरीच वर्षं चघळून एकदाची संपवली होती. त्या कारखान्यात औषधांसाठी लागणारा उत्प्रेरक तयार होई. काळी भुकटी, वरून साधी, पण तिच्यात पॅलेडियम. हा धातू सोन्याच्या पंक्तीतला. तो दोन रसायनांची सोयरीक जुळवून देतो आणि स्वतः बाजूला राहतो. पण त्याचा गोळा तसाच टाकला तर वरचा थर तेवढा राबतो, आतला फुकट जातो. म्हणून तो कणाकणाने पसरून बसवायचा. बसवायचा तर त्याला जागा हवी. ती जागा म्हणजे कोळसा, ज्याच्या पोटात डोळ्यांना न दिसणाऱ्या कोट्यवधी बिळांची वसाहत असते असा.

एके दिवशी जहिराने त्या कोळशाच्या रिकाम्या पोत्यावरची अक्षरं वाचली. माल समुद्रापलीकडून आलेला होता, आणि बनलेला होता नारळाच्या करवंटीपासून.

"आमी ह्या न्हानयेत जाळतो," ती प्रयोगशाळेतल्या शेजारच्या मुलीला म्हणाली, आणि दोघी हसल्या. पण ते हसणं तिच्या मनातून गेलं नाही. काही वर्षांनी नोकरी सोडून ती घरी परतली ती हेच डोक्यात घेऊन.

काम वाटतं तेवढं सोपं नव्हतं. करवंट्या बंद भट्टीत हवा न लागू देता भाजायच्या. त्यांचा कोळसा भरडायचा. मग लालबुंद नळीत त्याच्यावरून पाण्याची वाफ सोडायची. ती वाफ कोळशाला आतून कोरत जाते. वाफ कमी झाली तर बिळं होत नाहीत, जास्त झाली तर कोळसाच उडून राख उरते. नंतर सौम्य आम्लात धुऊन राख आणि लोह काढायचं, कारण लोहाचा अंश राहिला की पॅलेडियम बिघडतं. तिचे पहिले नमुने एकामागून एक परत आले. शेवटी गुजरातमधल्या एका उत्प्रेरक बनवणाऱ्या कंपनीने एक नमुना पसंत केला आणि मोठी चाचणी खेप मागवली. ती गेली, कसोटीला उतरली, की पुढचा रस्ता मोकळा.

कामाला तिचा धाकटा भाऊ हमझा होता, आणि विश्राम. विश्राम म्हणजे पन्नाशीचा, होड्यांना फायबर मारणारा कारागीर. जहिराच्या आम्लाच्या टाक्या त्यानेच होडी बांधावी तशा थरावर थर चढवून केल्या होत्या. हमझा तिशीतला, अंगापिंडाने दांडगा. भरतीओहोटी बघून खडकांवर जायचा, बुडी मारून खडकाला चिकटलेले शिनाने, म्हणजे काळे शिंपले, काढायचा. त्याचा दम गावात प्रसिद्ध होता. तो बुडाला की काठावरची माणसं बोलणं थांबवत आणि तो वर आला की पुन्हा बोलू लागत.

याच दमाची जहिराला भीती होती.

"ओलो कोळसो हवेतलो प्राणवायू ओढून घेता," ती त्याला सांगे. "बंद टाकीत चार दिवस ऱ्हवलो की वयल्या हवेत काय उरना नाय. वास नाय, धूर नाय. मानूस उतारता आनि बसता."

"आपा, मी दर्यात बुडतंय. हय तर पानी पन नाय," तो हसे.

"पानी असता तर बरां झाला असता. पान्यात दम सरलो तो तुका समाजता. हय समाजूचा नाय."

तिने टाकीवर पाटी लावली. त्या पाटीवर हमझा आपला शर्ट वाळत घाले.

तो शुक्रवार होता. चाचणीची खेप चार दिवस झाकण लावलेल्या मोठ्या टाकीत धुऊन पडली होती आणि तळाचं पाणी निघत नव्हतं. तळाच्या जाळीत भरड अडकली असणार. माल वाळवून पोत्यांत भरायचा होता आणि ट्रक ठरलेला होता. जहिरा सकाळपासून टाकीभोवती फिरत होती. विश्राम जेवायला घरी गेला होता. तो आला की खालच्या नळातून उलटं पाणी मारून जाळी मोकळी करायची, असं तिने ठरवलं आणि ती वाळवणीच्या शेडीत गेली.

जुम्म्याची नमाज आटपून हमझा वडिलांना मोटारसायकलवर मागे घेऊन आला. तय्यब फाटकाजवळच्या गडग्यावर, दगडांच्या बुटक्या कुंपणावर टेकले. हमझाने शेडीत डोकावून विचारलं, "अजून पानी निघाक नाय?"

"विश्रामकाका येवंदेत. मगे बगूया."

तो बाहेर गेला. जहिराने मान खाली घालून चाळणी हलवायला घेतली. थोड्या वेळाने टाकीकडून सळईचा ठणठण आवाज आला. तिला वाटलं तो बाहेरून नळ ठोकतोय. मग आवाज थांबला.

आवाज थांबण्याचे पुष्कळ प्रकार असतात. काम झालं म्हणून माणूस थांबतो, दमला म्हणून थांबतो. हा आवाज ठोक्याच्या अर्ध्यावर तुटला होता. जहिराने चाळणी टाकली आणि ती बाहेर धावली. शिडीच्या पायाशी हमझाच्या चपला होत्या. वरचं झाकण उघडं होतं.

ती शिडीवर चढली, तोंड आत न घालता मोबाइलचा उजेड खाली सोडला. हमझा ओल्या कोळशावर कुशीवर पडला होता. एक हात सळईवर. झोपल्यासारखा. पांढरा नमाजी सदरा अर्धा काळा झाला होता.

"हमझा!"

काही नाही.

तिचा पाय आपोआप टाकीच्या काठाकडे गेला. तिने तो मागे घेतला. तेवढ्यात खालून शिडी हलली. तय्यब चढत होते. सत्तरी गाठलेला माणूस, गुडघे धड नसलेला, पण त्या क्षणी तो माडावर चढणाऱ्यासारखा वर आला.

"काय झाला? खंय आसा तो?"

"अब्बा, खाली उतरा."

"माझो झील आत आसा. सरक."

"तुमी उतारलास तर माका दोगांक काढूचा लागतला. खाली उतरा."

त्यांनी ऐकलं नाही. त्यांचा हात काठावर आला. तिथे सरकायला जागा नव्हती, हाताने ढकलावं तर ते शिडीसकट मागे पडले असते. जहिराने एका हाताने टाकीचा काठ धरला आणि वडिलांच्या खांद्यावर पाय ठेवला. ठेवला, आणि दाबला. एक पायरी, दुसरी पायरी, ती त्यांना खाली लोटत राहिली. बाजूच्या वाडीतली माणसं आरडाओरड ऐकून गडग्यापाशी आली होती. बापाच्या खांद्यावर लेकीचा पाय सगळ्यांनी बघितला.

"सोड माका! तो मरता हा!"

"भट्टीचो पंखो!" जहिरा वरून ओरडली. "भट्टीच्या पंख्याचो पाइप काढा! हय आना!"

कुणाला काही कळेना. तेवढ्यात फाटकातून विश्राम आला. त्याने वर बघितलं, खाली ओरडणाऱ्या तय्यबना बघितलं आणि शिडीपाशी पडलेल्या चपला बघितल्या. त्याला सांगावं लागलं नाही. भट्टीला हवा मारणाऱ्या पंख्याचा जाड रबरी पाइप त्याने उपसला, ओढत आणला आणि तोंड वर दिलं. जहिराने ते टाकीत सोडलं.

"अब्बा, हो पाइप धरा. सुटूक देव नको. घट धरा."

तय्यबनी पाइप धरला. रडत धरला, शिव्या देत धरला, पण धरला. पंखा सुरू झाला. वाऱ्याने आतला हमझाचा सदरा फडफडला, आणि क्षणभर तिला वाटलं, हलला, हलला. हमझा हलला नव्हता.

एवढ्या वाऱ्याने टाकीतली हवा बदलायला किती वेळ लागेल याचा अंदाज जहिराला होता, आणि तेवढा वेळ भावाजवळ नव्हता.

"विश्रामकाका, टाकी कापा."

विश्रामने तिच्याकडे एकदाच बघितलं. त्या टाकीला त्याने आदल्या वर्षीच्या पावसाळ्याआधीचे सगळे दिवस दिले होते. आत चाचणीची पुरी खेप होती. "खयच्या बाजून?"

जहिराने पुन्हा उजेड टाकला. "डोक्या खाडीकडे आसा. पाय रस्त्याकडे. पायांकडसून कापा. गुडग्याएवढ्या उंचीर."

"पाय टाकीक टेकलेले आसत?"

ती वाकली. वरून नीट दिसत नव्हतं. अजून वाकावं तर तोंड आत जात होतं. तिने श्वास रोखला, डोकं आत घातलं, बघितलं आणि बाहेर आली. "नाय. वीतभर लांब आसत."

होड्यांचं फायबर कापायचं यंत्र विश्रामकडे कायम असे. त्याची वायर पुरेना. कुणीतरी शेडीतून दुसरी वायर आणायला पळालं. त्या पळण्यात, त्या वायरीची गाठ सोडण्यात जे काही थोडे क्षण गेले ते जहिराला पुढे कित्येक महिने झोपेत सापडत राहिले. मग चक्रीचा कर्कश आवाज सुरू झाला. पांढरा भुगा उडाला. विश्रामच्या पापण्या, मिश्या पांढऱ्या झाल्या. तो एवढंसंच पातं आत घालत होता, वाळूत शंख शोधावा तसा हळू. आडवी चीर, मग उभी, मग दुसरी उभी. शेवटी त्याने यंत्र फेकलं आणि दोन्ही हातांनी कापलेला तुकडा बाहेर ओढला. कोळशाचा चिखल भळभळ बाहेर आला, आणि चिखलातून हमझाचे तळवे.

बाहेरूनच हात घालून दोघा-तिघांनी त्याला ओढून काढलं. ओठ जांभळे होते. छाती हलत नव्हती.

जहिरा शिडीवरून कशी उतरली ते तिला आठवत नाही. कारखान्यातल्या नोकरीत दर वर्षी एका रबरी बाहुल्याच्या छातीवर दाब द्यायचं शिकवत. मुली बाहुल्याला नावं ठेवून हसत. आता तिने तळहातावर तळहात ठेवले आणि भावाच्या छातीवर दाब द्यायला सुरुवात केली. दाब, दाब, मग तोंडाने श्वास. तोंडात कोळशाची चव आली. कुणीतरी १०८ला फोन लावला. कुणीतरी दुवा म्हणत होतं, कुणीतरी रवळनाथाला हाक मारत होतं. विश्राम गुडघ्यांवर बसून म्हणत होता, "थांबा नको ताई, थांबा नको." ती थांबली की तो दाब देई, तो दमला की ती.

मग हमझाच्या घशातून घर्र असा आवाज आला. घाणेरडा आवाज. जहिराला त्याहून गोड काही ऐकल्याचं आठवत नाही.

मालवणच्या दवाखान्यातून त्याला पुढे ओरोसच्या मोठ्या रुग्णालयात हलवलं. तो बरेच दिवस शुद्धीवर नव्हता. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर एका टोकाला जहिरा, दुसऱ्या टोकाला तय्यब आणि मध्ये हमझाची बायको सायमा. डॉक्टर सांगत, मेंदूला प्राणवायू कमी पडलाय, थांबून बघावं लागेल. तय्यब जहिराशी बोलत नव्हते. एकदाच बोलले, भिंतीकडे बघत.

"तो आत मरत होतो, आनि तू माझ्या खांद्यार पाय दिलंस."

उत्तर तिच्याकडे होतं, पण ते रसायनशास्त्रातलं होतं, आणि बापाला रसायनशास्त्र नको होतं.

सायमा मात्र सरळ विचारणारी. डब्यातली भाकरी मोडता मोडता ती म्हणाली, "आपा, तू कित्याक उतराक नाय?"

"उतारलंय असतंय तर थंयच पडलंय असतंय."

"मी थंय असतंय तर उतारलंय असतंय."

"म्हायत आसा. म्हणान बरां झाला तू थंय नव्हतंस."

सायमाने भाकरीचा मोठा तुकडा जहिराच्या हातात दिला. रागाने दिला की मायेने, ते दोघींनाही सांगता आलं नसतं.

हमझाने डोळे उघडले. पहिल्यांदा त्याने सायमाला ओळखलं, मग बऱ्याच दिवसांनी बाकीच्यांना. घरी आला तेव्हा उजवा हात कापत होता, चालताना भिंत लागत होती, आणि बोलता बोलता शब्द हरवला की तो चिडून ताट सारत असे. पावसाळाभर भट्टी थंड होती. सरकारी तपासणी झाली, जबाब झाले. गुजरातच्या कंपनीला जहिराने फोन करून झालं ते सगळं सांगितलं, खेप चिखलात गेली हेही. पलीकडचा माणूस म्हणाला, आमच्याकडेही असा एक माणूस गेलाय. तुम्ही सुरू कराल तेव्हा कळवा.

सुरू करायचं की नाही, हेच तिला ठरत नव्हतं. घरात तय्यब तिच्याशी सायमाच्या तोंडून बोलत. "तिका सांग मीठ कमी झाला." ती समोरच बसलेली असे.

नारळी पौर्णिमा झाली, होड्या पुन्हा दर्यात गेल्या. एका दुपारी तय्यब एकटेच चालत कोळशाच्या जागेवर आले. विश्राम नवीन टाकीला फायबर मारत होता. या टाकीला खालच्या बाजूने माणूस बाहेर येईल असं दार होतं. तय्यब फापटपसारा न करता जहिरासमोर उभे राहिले.

"माका ता दाखव."

"काय?"

"तेच्या आत काय होता ता."

जहिराने एक झाकणाचं पिंप दाखवलं. त्यात तिने तळाशी ओला कोळसा घालून ते कित्येक दिवस बंद ठेवलं होतं. तपासणीवाल्यांना दाखवायला म्हणून. तिने तारेला मेणबत्ती बांधली, पेटवली, झाकण सरकवलं आणि हळूच आत सोडली. ज्योत काठाखाली गेली, बारीक झाली, निळसर झाली आणि विझली. कुणी फुंकर घातली नाही, वारा आला नाही. विझली.

तय्यबनी मेणबत्ती मागून घेतली. स्वतः पेटवली, स्वतः सोडली. विझली. पुन्हा पेटवली. काडेपेटी संपत आली तरी त्यांचं समाधान होईना. मग त्यांनी बाही वर करून हात पिंपात घातला.

"हवा तर लागता हाताक."

"हवा आसा, अब्बा. तेच्यात जीव नाय."

तय्यबनी हात बाहेर काढला. विश्रामने काम थांबवलं होतं.

"तेका दुखला असतला?"

"नाय. तेका समाजलाच नसतला. उतारलो आनि दुसऱ्या-तिसऱ्या श्वासाक पडलो."

"मगे तो हाक मारी नव्हतो?"

"कोन?"

"हमझा. आतसून. माका ऐकाक येय. मी शिडयेर चढलंय तेव्हा तो माका हाक मारी होतो. 'अब्बा, अब्बा' म्हणान. रोज ऐकाक येता."

जहिराला तेव्हा कळलं की इतके महिने हा माणूस काय घेऊन झोपत होता. तिने त्यांचा काळा झालेला हात आपल्या ओढणीने पुसला. "नाय अब्बा. मी थंय होतंय. तेना कोनाक हाक मारूक नाय. तेचो आवाजच नव्हतो."

ते खाली बसले आणि म्हाताऱ्या माणसासारखे नाही, लहान पोरासारखे रडले. तिच्या खांद्यावर डोकं वगैरे ठेवलं नाही. चिऱ्याच्या भिंतीला टेकून रडले. रडून झाल्यावर उठले आणि विश्रामने केलेल्या नव्या दाराची कडी ओढून बघितली. "ही घट आसा," म्हणाले. "आतसून धका मारलो तर उघडाक व्हयी." विश्रामने मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी कडी बदलली.

भट्टी दिवाळीच्या सुमाराला पेटली. खेप गेली आणि या वेळी कसोटीला उतरली. आता महिन्याला एक ट्रक जातो. टाकी रिकामी करायची असली की आधी पंखा, मग मेणबत्ती आणि मगच दार. जहिरा हे सगळं स्वतः उभी राहून बघते आणि कुणी थट्टा केली तर तिचा आवाज चढतो. पूर्वी चढत नसे.

हमझा शेडीत बसून करवंट्या निवडतो. सोडणाचा, म्हणजे वरच्या सालीचा, धागा चिकटलेली करवंटी बाजूला, कुजलेली बाजूला. उजवा हात कापतो म्हणून डाव्याने. त्याला त्या दिवसाचं काहीच आठवत नाही, नमाजला गेल्याचंही नाही. समुद्रात तो जात नाही, पण ओहोटीच्या वेळी खडकांपर्यंत चालत जातो आणि शिनाने काढणाऱ्या पोरांना वरून सूचना देतो. त्या ऐकायला पोरांना कंटाळा येतो. परवा एकाने वर येऊन दम घेत म्हटलं, हमझाभाय, तुमीच उतरा मा. हमझाने बराच वेळ शब्द शोधला. सापडला नाही. मग नुसतंच पाण्याकडे बोट दाखवलं आणि तिथे मोठे शिनाने आहेत असं हाताने सांगितलं.